आक्कांची परंगी

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या त्या रानात मी पहिल्यांदा गेले ती आजारी पानं गोळा करायला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या संस्थेच्या गुळगुळीत पुस्तिकेत 'उत्कृष्ट वाणाच्या शोधमोहिमेत' असे शब्द छापून आले. कसली मोहीम आणि कसलं काय! एप्रिलचं ऊन, स्कूटीच्या पायापाशी बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा, आणि 'पपईवर रोग कुठे जास्त पडलाय' असं चहाच्या टपरीवर विचारत हिंडणारी मी. टपरीवाल्यानंच हात केला. "त्या धनगराच्या बाईकडं जावा. तिची समदी झाडं खराट्यावानी झाल्यात."

मी तेव्हा शहराबाहेरच्या एका ट्रस्टच्या छोट्या प्रयोगशाळेत संशोधन सहायक होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., लग्न होऊन 'जुळे सोलापूर' या भागात राहायला आलेली, आणि दर मार्चला नव्यानं सही करायची अशी करारावरची नोकरी. आमचे सर परदेशात शिकून आलेले. त्यांनी एक प्रकल्प मिळवला होता. पपईच्या जनुकांत बदल करून रिंगस्पॉट रोगाला ती दाद देणार नाही अशी करायची. मावा नावाची बारीक कीड एका झाडाचा रस शोषते, दुसऱ्यावर जाऊन बसते आणि विषाणू पसरवते. कोवळी पानं चट्ट्यापट्ट्यांची होतात, मग आखडून सुतळीसारखी बारीक होतात, देठावर तेलकट रेघा येतात, फळावर गोल वळी उठतात. त्यावर औषध नाही. झाड उपटायचं आणि जाळायचं.

टपरीवाल्याची ती 'बाई' पन्नाशीची होती. उंच, सरळ पाठीची, मेंढरांमागं चालून चालून पिंढऱ्या घट्ट झालेल्या. गाव तिला आक्का म्हणायचं, मग मीही म्हणू लागले. घरात कानडी, दारात मराठी. पपईला ती परंगी म्हणायची, आणि काही महिन्यांनी मीसुद्धा घरी तोच शब्द वापरू लागले.

मी आजारी पानं कापून पिशव्यांत भरत होते. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"खराबच पानं का घेता हो बाई? चांगलं बी फळ हाय की. ते न्हाय व्हय बगायचं?"

विहिरीच्या पलीकडे एकटंच एक झाड अजून हिरवं होतं. त्याचं फळ तिनं काढलं आणि विळ्यानं दोन भाग केले. नारळाएवढं, अगदी गोल, पातळ सालीचं. आतला गर केशरी, जवळजवळ लाल. पपईला एक कचवट वास असतो, तो याला नव्हता. मी उभ्या उभ्या अर्धं फळ खाल्लं आणि हात पुसायचंही मला सुचलं नाही.

"बी कुठनं आणलं, आक्का?"

"आणतीय कुटनं? केलंय मी."

तिनं सांगितलं ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून घेतलं. लग्नानंतर दोन वर्षांनी तिनं विहिरीजवळ चार झाडं लावली. एकाचं फळ गोड निघालं. त्याचंच बी धरलं. पुढच्या वेळी जी झाडं लांबुळक्या फळाची निघाली ती सरळ तोडली. ज्यांच्या गराला वास होता तीही तोडली. सासू ओरडायची, फळं लागलेली झाडं तोडतीस म्हणून. तरी ती दर खेपेला सगळ्यात गोड, गोल आणि लाल गराच्या फळाचंच बी राखेत घोळवून, सावलीत सुकवून, फडक्यात बांधून ठेवत आली. हे काम विद्यापीठात केलं तर त्याला वाण-निवड म्हणतात आणि करणाऱ्याच्या नावापुढे डॉक्टर लागतं.

दुसरं अर्धं फळ मी सरांसाठी नेलं. सर ते सालीपर्यंत खाऊन म्हणाले, "आपण हीच पपई घ्यायची."

म्हणजे पपई आक्कांची. आणि तिच्यात घालायचं जनुक ज्या विषाणूतून काढलं, तो विषाणूही आक्कांच्याच झाडांच्या पानांतून आला, त्या बर्फाच्या डब्यातून. पुढचं सगळं समजायला एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

तिला न सांगता तिच्या फळाशी काही करणं मला पटत नव्हतं. सर म्हणाले, "सांग ना, पण तिला काय कळणार?" मी गेले. मेंढरांना पाणी पाजता पाजता ती ऐकत होती. मी सांगितलं, या रोगाच्या विषाणूला वरून एक वेष्टण असतं. ते वेष्टण बनवायची जी कृती, तिचा एक तुकडा आम्ही पपईच्या पेशीत घालणार. मग झाडाला आतूनच तो रोग ओळखता येईल आणि ते त्याला वाढू देणार नाही.

तिनं एक कोकरू पाण्याकडं ढकललं. मग म्हणाली, "म्हंजी मेंढरांना लस टोचत्यात तसं. रोगाचाच तुकडा घालून रोग अडवायचा."

"जवळपास तसंच. पण दर वेळी टोचायला नको. बियातूनच पुढं जाईल."

"आन घालनार कशानं?"

"सोन्याचे अगदी बारीक कण असतात. त्यावर तो तुकडा चिकटवायचा आणि बंदुकीसारख्या यंत्रातून पेशींवर उडवायचा."

"सोनं? परंगीला?" ती इतकी हसली की मेंढरं बिचकली. "माज्या अंगावर गुंज न्हाय, आन परंगीला सोनं घालताय व्हय? घाला बाई, घाला."

ज्या बाईला 'काय कळणार' असं सर म्हणाले होते, तिला सगळं कळलं होतं. आमच्या प्रकल्पाच्या मंडळातल्या एका सदस्याला मी हेच तीनदा समजावलं होतं, आणि चौथ्यांदा त्यांनी 'मग ही पपई खाल्ली तर आपल्याला तो रोग होईल का' असं विचारलं होतं.

मग सुरू झालं ते काम. आक्का कोवळी, हिरवी फळं द्यायची. आम्ही ती आणून फोडायचो, आतल्या कच्च्या बियांतले गर्भ सुईनं बाहेर काढायचो, काचेच्या बरण्यांतल्या खाद्यावर ठेवायचो. त्यांचे पिवळसर गोळे तयार झाले की त्यांवर बंदूक. मग महिनोन् महिने वाट बघायची. दहा बरण्यांपैकी सहा बुरशीनं जायच्या. सोलापूरचा मे महिना, वीज गेलेली, जनरेटर रुसलेला, आणि पेशींच्या खोलीत ओल्या चादरी टांगून मी पंख्याच्या पुढ्यात बर्फाच्या लाद्या ठेवतेय, हे मी तीन उन्हाळे केलं. रविवारीसुद्धा जायचे. नवरा बँकेत, तो म्हणायचा, "तुझ्या बरण्यांना मुलं समजून माझ्या नावावर तरी लाव." मी हसायचे, पण खरंच जीव अडकला होता. एखादं रोपटं खाद्यातून उचलून मातीत लावलं की घरी निघण्याआधी मी ते पुन्हा दोनदा बघून यायचे.

बरीच रोपं मेली. काहींत जनुक गेलंच नव्हतं. काहींत गेलं पण रोग अडला नाही. शेवटी सहा झाडं अशी निघाली की ज्यांच्याकडून आशा होती. ती दुहेरी दाराच्या, बारीक जाळीच्या बंदिस्त हरितगृहात लावली. शेजारी बदल न केलेली दोन, आक्कांच्याच बियांची. मग मुद्दाम विषाणू असलेला मावा सगळ्यांवर सोडला.

तीन आठवड्यांत साधी दोन झाडं सुतळी झाली. सहांपैकीही दोन हळूहळू पडली. चार मात्र हिरवीगार उभी राहिली. पुन्हा मावा सोडला, पुन्हा उभी. मी त्या जाळीच्या आत एकटीच होते आणि मला रडू आलं. मग सरांना फोन केला.

आक्कांना बघायला आणलं. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ती जाळीला नाक लावून उभी राहिली.

"ती दोन सुतळीवानी झाल्यात ती?"

"ती साधी. तुमच्याच बियांची."

"आन ही हिरवी?"

"तीपण तुमच्याच बियांची."

तिनं बोट दाखवत कानडीत मोजली, "वंदू, एरडू, मूरू, नाल्कू." मग पुन्हा एकदा मोजली.

पुढं त्या चारही झाडांना फळं धरली, पिकली. आक्का तेव्हाही आली होती. म्हणाली, "एक फोड द्या की. गोडी तीच हाय का बगते. ते तुमच्या यंत्राला न्हाय कळायचं."

मी नाही म्हटलं. नियम होता. बदल केलेलं एकही फळ कुणी खायचं नाही. प्रत्येक फळाचा हिशेब ठेवायचा, मग ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे कुकरसारख्या मोठ्या भांड्यात, वाफेवर शिजवून खड्ड्यात पुरायचं.

"रोग न्हाय, किडकं न्हाय, आन पुरायचं?"

"तपासण्या झाल्याशिवाय नाही खाता येत, आक्का. काही झालं तर?"

ती पुन्हा जाळीकडे वळली. तो नियम बरोबर होता, हे मी आजही म्हणते. माझा राग त्या नियमावर नाहीच. तो पाळणारी मी होते, आणि नियम फक्त आक्कांना आणि मला लागू होते असं पुढं दिसलं, राग त्याचा आहे.

बंदिस्त जागेतून उघड्या शेतात चाचणी घ्यायची तर दिल्लीच्या समितीची परवानगी लागते आणि राज्याचं ना-हरकत पत्र लागतं. ना-हरकतीचा कागद मुंबईला गेला. परत आला, शंका विचारून. उत्तरं पाठवली. पुन्हा त्याच शंका. तिसऱ्यांदा कुणीतरी विचारलं की सोलापुरात पपई होते का! दरम्यान शहरात एक पत्रक फिरलं, आमच्या पपईत विंचवाचं जनुक आहे म्हणून. मी पत्रक वाटणाऱ्यांना गाठलं, म्हटलं, चला, दाखवते, काय घातलंय ते. कुणी आलं नाही. त्यांच्या काही शंका रास्त होत्या, बियाणं शेवटी कुणाच्या हातात जाणार ही तर फारच रास्त होती. पण ती त्यांनी विचारलीच नाही. विंचू सोपा होता.

आणि याच काळात आमच्या संस्थेनं शेतकरी मेळावा घेतला.

मांडव मोठा घातला होता. खुर्च्या भरायला कुंभारीहून ट्रॅक्टर भरून माणसं आणली, त्यांत आक्काही. व्यासपीठामागं भिंतीएवढा फलक, त्यावर कापलेल्या पपईचा फोटो. गोल, पातळ सालीची, केशरी-लाल गराची. खाली लिहिलेलं, 'संस्थेने विकसित केलेला वाण'. सर भाषणाला उभे राहिले. रोगप्रतिकारक पपई, शेतकऱ्यांचं भाग्य, असं चाललं होतं. मी पुष्पगुच्छांची थाळी धरून कडेला.

आक्कांना वाचता येत नव्हतं. पण फळ ओळखता येत होतं. ती मध्येच उठून उभी राहिली.

"ह्यो फोटू कुणाच्या परंगीचा?"

सर हसून म्हणाले, "संस्थेच्या वाणाचा आहे, ताई."

"संस्थेची कवापासनं झाली? ही माजी हाय की. मी केलीय ही."

पुढच्या रांगेत हशा पिकला. पांढऱ्या कपड्यातल्या एकानं मान मागं वळवून बघितलं आणि आणखी मोठ्यांदा हसला. सर म्हणाले, "ताई, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत." आक्का उभीच. शेजारच्या बायकांनी तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. शेवटी प्रश्नोत्तरं झालीच नाहीत. जेवण तयार आहे असं जाहीर झालं.

तिनं मला शोधलं होतं, हे मी पाहिलं. सगळ्या मांडवात ती माझ्याकडे बघत होती. मी पुष्पगुच्छांच्या थाळीकडे बघत राहिले. त्या एका मिनिटाचा मला जेवढा राग येतो तेवढा सरांच्या अख्ख्या भाषणाचाही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून प्रकल्पाची मूळ फाइल काढली. अर्जात 'मूळ वाण' असा रकाना होता. त्यापुढं टंकलेलं, 'स्थानिक वाण. संकलन: संस्था.' पानाच्या तळाशी टंकणाऱ्याची आद्याक्षरं. ती माझी होती. सर सांगत गेले असतील, मी टाइप करत गेले असेन. मला आठवतसुद्धा नव्हतं.

मी ते पान घेऊन सरांच्या खोलीत गेले.

"सर, इथं आक्कांचं नाव पाहिजे होतं."

"नाव घातलं की लेखी संमती लागते. जैवविविधता कायद्याचे कागद लागतात. उद्या फायद्यातला वाटा मागतील. प्रकल्प दोन वर्षं तिथंच अडकला असता."

"मग अडकू द्यायचा होता."

"तू भावनेच्या भरात बोलतेयस. गावरान वाण कुणा एकाचा नसतो."

"कुणाचाच नसतो, तर संस्थेचा कसा झाला?"

सरांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हते ते. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझी जागा तशीच राखून ठेवली होती. म्हणूनच पुढचं वाक्य जास्त लागलं. "तुझा करार मार्चला संपतो ना?" असं त्यांनी अगदी हळू, चौकशी करावी तसं विचारलं.

मी पान परत फाइलला लावलं आणि बाहेर आले. घरी गेल्यावर मात्र पहिल्या वर्षाची माझी वही शोधून काढली. तिच्यात माझ्याच अक्षरात सगळं होतं. आक्कांचं नाव, गाव, तारीख, आणि तिनं सांगितलेली निवडीची सगळी हकीकत.

ना-हरकत पत्र कधीच आलं नाही. सर दुसऱ्या राज्यात मोठ्या जागेवर गेले. नवे संचालक आले. त्यांनी पहिल्याच बैठकीत प्रकल्प बंद केला आणि झाडं नष्ट करायला सांगितली. मी विचारलं, "निदान पेशी तरी बरण्यांत ठेवूया?" ते म्हणाले, "कशाला जबाबदारी?"

मीच तोडली ती झाडं. नियमाप्रमाणे तुकडे केले, पिशव्यांत भरले, वाफेवर शिजवले, भट्टीत घातले. त्यांच्यावर कधी एक चट्टा उठला नव्हता. बाहेर त्याच आठवड्यात कुंभारीच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंनी लोक आजारी पपया उपटून पेटवत होते, तो धूर इथून दिसत होता. हा धूर वेगळा. माझ्या डोळ्यांत दोन्ही गेले. असं वाटलं, कुणालातरी धरून हलवावं आणि विचारावं, की ही चार झाडं वाईट आहेत असं तरी सिद्ध करा! चांगली आहेत म्हणून ठेवा किंवा वाईट आहेत म्हणून जाळा, पण बघा तरी एकदा. कुणी बघितलंच नव्हतं. कागदाला कंटाळून जाळली.

मेळाव्यानंतर पहिल्यांदाच मी आक्कांकडे गेले. माफी मागायची होती. ती गोठ्यापाशी बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पाणी प्या." मग म्हणाली, "त्या दिवशी तुमी गप का बसला?"

"भ्याले, आक्का."

"व्हय, दिसलं."

विहिरीकडची जागा मोकळी होती. एकही पपई नव्हती. रोगानं सगळी नेली होती.

"बी?"

"कुटलं बी? दोन वर्सं धड फळच न्हाय, बी कशाचं धरायचं? पैलं उंदरानं खाल्लं." ती माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमच्याकडं हाय की."

होतं. पहिल्या दोन वर्षांत साध्या झाडांसाठी म्हणून मीच तिच्या पिकल्या फळांचं बी सुकवून, पाकिटांत बंद करून शीतगृहात ठेवलं होतं. त्याला कसलाच बदल केलेला नव्हता. तिचं जसंच्या तसं बी. अख्ख्या जगात तेवढंच उरलं होतं.

संचालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शीतगृहातलं सगळं बियाणं संस्थेची मालमत्ता आहे. विहित नमुन्यात अर्ज करू दे त्यांना." नमुना आणला. त्यात अर्जदाराची शैक्षणिक पात्रता, अर्जदाराची संस्था, आणि बियाणं मागण्याचा संशोधनात्मक उद्देश असे रकाने होते. आक्कांच्या ओसरीवर बसून मी तो भरला. पात्रतेपुढं लिहिलं, 'हा वाण तयार केला.' उद्देशापुढं काय लिहू विचारलं, तर ती म्हणाली, "लावायचं हाय म्हनून लिवा. बी आनखी कशाला मागत्यात?"

अर्ज परत आला, अपूर्ण म्हणून.

मग मी आक्कांना स्कूटीवर बसवून संचालकांच्या खोलीतच नेलं. तिनं जाण्याआधी तोंड धुतलं, नवं लुगडं नेसलं. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"सायेब, माजं बी द्या."

"आजी, नियम असतात. समितीपुढं ठेवावं लागेल."

"मी फळं दिली तवा कंची समिती बसली हुती?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वही टेबलावर ठेवली, ते पान उघडून. म्हटलं, "याच्या छायाप्रती मी काढून ठेवल्या आहेत. प्रकल्पाच्या अर्जात संकलन संस्थेचं असं खोटं लिहिलंय, आणि ते मी टाइप केलंय. उद्या जैवविविधता मंडळाला मी स्वतः तसं लिहून देणार आहे. माझ्या नावानिशी." मी खाली बघितलं नाही. या वेळी आक्का माझ्याकडं बघत नव्हती. ती संचालकांकडं बघत होती.

ते उठून बाहेर गेले. बराच वेळ आम्ही दोघी भिंतीवरचं घड्याळ बघत उभ्या राहिलो. मग शिपाई आला, एक पाकीट घेऊन. एकच. कपाटात अकरा होती. पोच म्हणून आक्कांचा अंगठा घेतला. पोचपावतीवर छापलेलं होतं, 'संस्थेकडून सौजन्याने'.

मार्चमध्ये माझा करार पुढं वाढला नाही. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. जैवविविधता मंडळाला पत्र मात्र मी लिहिलं. त्याची फक्त पोच आली.

बी जुनं होतं. थेट रानात टाकायचा धीर झाला नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या गॅलरीत मी ते भिजवून पिशव्यांत लावलं, वरून मच्छरदाणी सोडली. तीन आठवडे काहीच नाही. मी नवऱ्यावर, भांडीवाल्या बाईंवर, सगळ्यांवर खेकसत होते. मग एका सकाळी नवऱ्यानंच हाक मारली, "ये, तुझं काहीतरी उगवलंय." शेवटी सतरा रोपं जगली.

कुंभारीत लावताना मी भोवतीनं मक्याच्या दाट ओळी लावायला सांगितल्या, म्हणजे उडत आलेला मावा आधी तिथं तोंड पुसतो. आक्का म्हणाली, "हे आदी का न्हाय सांगितलं?" खरंच, का नाही सांगितलं? इतकी वर्षं मी तिच्याकडून फळं नेत होते आणि माझं सगळं लक्ष बरण्यांत होतं. त्या सतरांतली पाच रोगानं गेली. तिनं ती दिसताक्षणी उपटली. बाकीच्यांना फळं आली. त्यांतून निवडीला ती पुन्हा पहिल्यापासून लागली, कुणाची साल जाड, कुणाचा आकार चुकला, हे तोडा, ते ठेवा.

शेतकऱ्यानं तयार केलेल्या वाणाची त्याच्याच नावानं नोंद करायचा कायदा देशात आहे. हे मला, बारा वर्षं या क्षेत्रात काम करणाऱ्या बाईला, नोकरी गेल्यावर कळलं. आम्ही अर्ज केला. दोन अधिकारी येऊन पानं, फळं मोजून गेले. त्यांतल्या बाईंनी आक्कांना तासभर विचारलं आणि सगळं लिहून घेतलं, एकदाही हसल्या नाहीत. निकाल अजून लागलेला नाही.

मी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. गेल्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. आवाज तसाच मऊ. नव्या ठिकाणी पपईचं काम पुन्हा सुरू करतायत, तंत्र आता खूप पुढं गेलंय, बाहेरचं जनुक न घालता झाडाच्याच जनुकात नेमका बदल करता येतो, आणि परवानगीही तुलनेनं सोपी होईल. "पण मूळ बियाणं तेच हवं. तुझ्याकडे आहे असं कळलं."

"माझ्याकडे नाही, सर. ज्यांचं आहे त्यांच्याकडे आहे."

"त्या बाई देतील?"

"तुम्हीच विचारा."

मी आक्कांना सांगायला गेले. मनातून मला वाटत होतं, तिनं सरळ हाकलून लावावं. मीच तिला म्हटलं, "देऊ नका, आक्का. पुन्हा तेच करतील."

ती शेण गोळा करत होती. हात न थांबवता म्हणाली, "का न्हाय द्यायचं? ती चार झाडं मी सोता बगितल्यात. रोग लागला न्हवता. ते काम खोटं न्हवतं की." मग उभी राहून म्हणाली, "पन कागदावर पैलं माजं नाव. आन झाड तयार झालं की पैलं हितं लावायचं, माज्या रानात. आन फळ मी खानार, तुमच्या तपासन्या झाल्यावर. सांगा त्येला."

मी तिच्या शब्दांत, एक अक्षर न बदलता, सरांना कळवलं. त्यांनी वाचल्याचं मोबाइलवर दिसलं. उत्तर आलेलं नाही.